काऊच्या घरापासून सुरुवात : मुलांना घरांमधून वास्तुकलेची ओळख कशी करून द्यावी

मराठी घरात वाढणाऱ्या मुलाला वास्तुकलेचा पहिला धडा तीन-चार वर्षांच्या वयातच मिळालेला असतो. काऊचे घर शेणाचे, चिऊचे घर मेणाचे. मोठा पाऊस येतो, काऊचे घर वाहून जाते आणि तो चिऊचे दार ठोठावतो. त्या वयात मुलांचे सारे लक्ष ‘थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते’ या बहाण्यांकडे असते, भिंतीकडे नसते. मूल सात-आठ वर्षांचे झाले की हीच गोष्ट पुन्हा काढावी आणि दोन प्रश्न विचारावेत. शेणाचे घर खरोखरच वाहून जाईल का? डहाणू-जव्हारच्या बाजूला वारली कुटुंबांच्या घरांच्या कुडाच्या, म्हणजे काठ्या विणून केलेल्या, भिंती शेणामातीनेच लिंपलेल्या असतात, तिथे पाऊस काही थोडाथोडका पडत नाही, तरी त्या भिंती उभ्या राहतात. आणि मेणाचे घर सोलापूरच्या मे महिन्यात किती दिवस टिकेल? या प्रश्नांवर मूल अडखळले की अभ्यास सुरू झाला असे समजावे; उत्तर मात्र लगेच देऊ नये.

हा रस्ता धरण्याचे कारण असे की, आपल्याकडे मुलांना घरांची ओळख बहुधा तक्त्यावरून होते. झोपडी, कौलारू घर, बंगला, इमारत, तंबू, इग्लू, हाऊसबोट अशी चित्रे ओळीने छापलेली असतात, मूल नावे पाठ करते आणि विषय संपतो. त्यातून छप्पर उतरते का आणि भिंत जाड का हे कळत नाहीच, उलट झोपडीपासून इमारतीपर्यंतचा क्रम मनात शिडीसारखा बसतो आणि ‘कच्चे घर’ म्हणजे वाईट घर असा समज पक्का होतो. शिकवणाऱ्याने पहिल्या दिवसापासून एकच धोरण ठेवावे : प्रत्येक घर हे कोणत्या तरी अडचणीवर काढलेले उत्तर आहे, म्हणून आधी अडचण शोधायची आणि मग घर पाहायचे. पाऊस किती, ऊन किती, हाताशी दगड आहे की माती की लाकूड, घरात माणसे किती आणि ती काय काम करतात, एवढ्या चार-पाच प्रश्नांवर सगळा अभ्यास उभा राहतो.

पुढचा आराखडा सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी आहे. मे महिन्याच्या सुट्टीतले पाच-सहा रविवार त्याला पुरतात. या दिवसांत माती लवकर वाळते, ही आणखी एक सोय. साहित्य म्हणाल तर मोजपट्टी, आलेखाचा कागद, खडू, रिकामी खोकी, खराट्याच्या काड्या, थोडा पेंढा किंवा वाळके गवत आणि एक घमेले माती. दिवाळीतल्या किल्ल्याची माती पोत्यात भरून ठेवली असेल तर उत्तमच.

आधी स्वतःचे घर

पहिल्या रविवारी कुठेही जायचे नाही. मुलाने राहते घर मोजायचे. आधी पावलांनी, मग वितीने आणि शेवटी मोजपट्टीने मोजले की तिन्ही आकडे वेगळे का येतात याचा उलगडा त्याला स्वतःलाच होतो. नंतर आलेखाच्या कागदावर १ सेंटिमीटर म्हणजे १ फूट असे प्रमाण धरून घराचा नकाशा काढायचा. ‘नकाशा’ ही कल्पना लहान मुलांना पटकन पकडता येत नाही. डब्याचे झाकण काढून वरून आत पाहावे तसे छप्पर उचलून घराकडे पाहायचे, असे सांगितले की ती जमते. दारे, खिडक्या, ओटा, मोरी, देव्हारा हे सारे जागच्या जागी दाखवावे आणि उत्तर दिशेचा बाण काढावा. त्यानंतर एक वेगळी गोष्ट करावी : घरातले कोण दिवसाच्या कोणत्या वेळी कुठे बसलेले असते, हे त्याच नकाशावर रंगीत ठिपक्यांनी दाखवावे. सगळ्यांत मोठी खोली दिवसभर रिकामी आणि स्वयंपाकघराच्या दारात ठिपक्यांची गर्दी, असे चित्र बऱ्याच घरांत दिसते, आणि ते मुलाने स्वतः काढलेले असल्यामुळे त्यावर बोलायला ते उत्सुक असते.

याच दिवशी एक काम सुरू करून ठेवावे, जे वर्षभर चालते. खिडकीतून आत येणारा उन्हाचा कवडसा दुपारी बारा-साडेबाराला जमिनीवर कुठवर पोहोचतो, तिथे खडूने रेघ ओढून तारीख लिहावी आणि महिन्यातून एकदा नवी रेघ ओढावी. पुण्यात डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवरच असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलवर येते. मेच्या मध्यास तो अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच नाहीशी होते. खिडकीवरचा छज्जा उन्हाळ्यातले ऊन अडवतो आणि थंडीतले आत सोडतो, हे वाक्य सांगण्यापेक्षा त्या रेघांनी ते मुलाला दाखवून द्यावे.

वर्गात हा प्रयोग करणाऱ्या शिक्षकांनी एक पथ्य पाळावे. ‘तुझे घर किती मोठे’ हा प्रश्न कधीही विचारू नये. पत्र्याच्या घरात राहणाऱ्या मुलाला पावसाचा आवाज, दुपारचा तापलेला पत्रा आणि त्यावर घरच्यांनी काढलेले उपाय यांबद्दल इमारतीतल्या मुलांपेक्षा कितीतरी अधिक माहिती असते. प्रश्न तसा विचारला तर तेच मूल त्या दिवशीचे जाणकार ठरते. ज्यांचे आईवडील ऊसतोडीला जातात त्या मुलांनी हंगामातले महिने कोपीत काढलेले असतात. काही तासांत उभी राहणारी, पाचट, चटई किंवा ताडपत्रीने शाकारलेली आणि हंगाम संपला की मोडणारी कोपी समजली, की मंगोलियातल्या पशुपालकांचा ‘गेर’, म्हणजे लाकडी जाळीवर लोकरीचा नमदा गुंडाळून उभारलेले आणि उलगडून दुसरीकडे नेता येणारे गोल घर, समजायला वेळ लागत नाही.

आजीचे शब्द

दुसऱ्या रविवारी आजी-आजोबांकडून, ते दूर असतील तर फोनवरून, त्यांच्या लहानपणच्या घराचे वर्णन मिळवावे. मुलाने प्रश्न विचारायचे आणि ऐकलेले प्रत्येक अनोळखी नाव लिहून घ्यायचे : ओटी, पडवी, माजघर, परसू, कोनाडा, खुंटी, फळी, पोटमाळा, न्हाणीघर, उंबरठा. मग त्या वर्णनावरून नकाशा काढून आजीला दाखवायचा आणि तिने तो दुरुस्त करायचा. या दुरुस्तीत खरी गंमत असते, कारण ‘माजघर इथे नव्हे, ओटीच्या मागे, उन्हाळ्यात दुपारी आम्ही तिथेच पडायचो’ अशा बोलण्यातून खोलीची जागा आणि तिचा उपयोग एकदमच कळतात.

छपराचे भाग शिकवण्यासाठी तर आपल्या भाषेने सोयच करून ठेवली आहे. छपराचा सर्वांत उंच माथा म्हणजे आढे, तिथून खाली उतरणारी लाकडे म्हणजे वासे, त्यांवर आडव्या ठोकलेल्या पट्ट्या म्हणजे रिपा, आणि भिंतीबाहेर आलेली छपराची खालची कड म्हणजे वळचण. वळचणीचे पाणी आढ्याला कधी जात नाही ही म्हण आणि खाल्ल्या घरचे वासे मोजणारा हा वाक्प्रचार मुलांनी ऐकलेला असतो, पण वासा म्हणजे काय हे माहीत नसते. एका कौलारू घराखाली उभे राहून मान वर केली की म्हण आणि छप्पर दोन्ही एकदम उलगडतात.

पाऊस आणि छप्पर

आता काऊच्या घराकडे परतावे. कोकणात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर सोलापुरात सहाशेच्या आसपास. हे आकडे भिंतीवर उभे करून दाखवावेत : तीन हजार मिलिमीटर म्हणजे तीन मीटर, म्हणजे खोलीच्या छतापर्यंत, सहाशे म्हणजे मुलाच्या कमरेच्या आसपास. दोन्ही ठिकाणचे छप्पर सारखे असेल का, असे मग विचारावे.

उत्तर प्रयोगातून काढता येते. प्लॅस्टिकचा मुलामा असलेले जुने पत्ते घेऊन एका पुठ्ठ्यावर खालून वर, प्रत्येक वरचा पत्ता खालच्यावर थोडा चढेल असे रचावेत आणि वरच्या कडेला चिकटपट्टीने धरावेत. ही झाली कौले. पुठ्ठा जवळजवळ आडवा धरून वरून तांब्याने बारीक धार सोडली तर पाणी पत्त्यांच्या खालून मागे सरकते आणि पुठ्ठा भिजतो. पुठ्ठा तीस अंश किंवा अधिक उभा केला की पाणी निथळून जाते. कोणत्या कोनाला गळती थांबते ते कोनमापकाने मोजून लिहावे. आपण ज्यांना मंगळुरी कौले म्हणतो त्यांचा पहिला कारखाना बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ साली मंगळूरला काढला. त्याआधी कुंभाराने चाकावर घडवलेल्या नळीची कौले वापरात होती. मंगळुरी कौल हाती आले तर त्याच्या पाठीवरचे खाचे आणि कडा मुलाला बोटाने चाचपू द्याव्यात, कारण पत्त्यांमधून मागे सरकणारे पाणी अडवायची युक्ती तिथेच आहे.

त्यानंतर पुठ्ठ्याची लांबी कमी-जास्त करून पाहावी. खाली मातीची छोटी भिंत ठेवायची, छप्पर भिंतीच्या रेषेत संपवायचे आणि पाणी ओतायचे. मग तेच छप्पर चार बोटे पुढे काढून पुन्हा ओतायचे. पहिल्या वेळी भिंत विरघळू लागते, दुसऱ्या वेळी पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात, पण जमिनीवरून उडणारे शिंतोडे भिंतीचा पाया भिजवतात. आता मुलाला विचारावे की उरलेल्या अडचणीवर काय करता येईल. बहुतेक मुले ‘घर उंचावर ठेवू’ असे म्हणतात, आणि त्याच क्षणी त्यांना ‘जोते’ हा शब्द द्यावा. वारली घराच्या कारवीच्या काठ्यांचा कूड आणि त्यावरचे शेणामातीचे लिंपण पावसात टिकते ते खाली झुकलेली वळचण आणि उंच जोते यांमुळे, आणि पावसाळ्यानंतर पुन्हा हात फिरवून केलेल्या डागडुजीमुळे. काऊ शेणामुळे बुडाला नाही. त्याने वळचण काढली नव्हती!

कोकणात कुडाऐवजी जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत दिसते, त्याचे कारणही पायाखालीच असते. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, म्हणून त्याचे चिरे तासता येतात, आणि उघड्या हवेत राहिला की तो कठीण होतो.

ऊन, माती आणि एक अवघड प्रश्न

मराठवाड्यात आणि सोलापूरकडे जुन्या गावांत धाब्याची किंवा माळवदाची घरे दिसतात. भिंती दगडामातीच्या, हातभर किंवा त्याहून जाड. वर तुळया, त्यांवर लाकडाच्या फळ्या किंवा काटक्या आणि त्यांवर मातीचा जाड सपाट थर. पाऊस कमी, त्यामुळे छप्पर उतरते करण्याची निकड नाही, आणि सपाट माळवदावर वाळवणे घालता येतात, उन्हाळ्यात रात्री झोपता येते. जाड माती दिवसाचे ऊन लगेच आत पोहोचू देत नाही. हे दाखवण्यासाठी दोन सारखी छोटी खोकी घ्यावीत, एकाला सगळीकडून तीन बोटे जाडीचा मातीचा थर द्यावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा. ओला थर नुसत्या बाष्पीभवनानेही थंडावा देतो आणि निष्कर्ष फसवा येतो, म्हणून इथे घाई चालत नाही. मग दोन्हींत वाटीत एकेक बर्फाचा खडा ठेवून खोकी उन्हात मांडावीत आणि कोणता खडा आधी वितळतो ते घड्याळ लावून पाहावे. माती कालवताना अर्ध्या मातीत पेंढा घालून आणि अर्धी तशीच ठेवून दोन छोट्या विटाही पाडाव्यात. सावलीत वाळल्यावर पेंढ्याविना केलेल्या विटेला पडलेल्या भेगा मुलांना बरेच काही सांगतात.

इग्लू इथेच सांगावा, कारण तो याच प्रयोगाची दुसरी बाजू आहे. बर्फाच्या घरात माणसे गारठत का नाहीत? दाबून घट्ट झालेल्या हिमात हवेचे बारीक कप्पे असतात आणि ते आतली ऊब बाहेर जाऊ देत नाहीत; शिवाय झोपण्याचा ओटा प्रवेशाच्या पातळीपेक्षा उंच असतो, त्यामुळे वर चढणारी उबदार हवा माणसांभोवती राहते आणि गार हवा दाराच्या खोलगट भागात साचते. इग्लू बांधत आलेले इनुइट लोक आज बहुतांशी साध्या आधुनिक घरांत राहतात, हेही सांगून टाकावे, म्हणजे तक्त्यावरचे चित्र मुलांच्या मनात कायमचे गोठणार नाही.

दहा वर्षांपुढच्या मुलांबरोबर एक अवघड गोष्ट बोलावी असे माझे मत आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हीच जाड भिंतींची, जड माळवदाची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो लोक गेले. उन्हाला दिलेले चोख उत्तर जमीन हलल्यावर घातक ठरले. याचा प्रयोग सोपा आहे : एका ताटात गोट्या पसराव्यात, वर दुसरे सपाट ताट ठेवावे, त्यावर लाकडी ठोकळ्यांच्या चार भिंती रचाव्यात आणि छप्पर म्हणून एकदा जाड पुस्तक, एकदा पातळ पुठ्ठा ठेवून वरचे ताट मागेपुढे हलवावे. मग कच्छमधल्या ‘भुंगा’ नावाच्या घरांकडे वळावे. गोल मातीची भिंत आणि वर हलके शंकूसारखे गवती छप्पर असलेली यांतली बरीच घरे २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात तगून राहिली. गोल भिंतीला कोपरे नसतात आणि भिंतींचे सांधे उकलण्याची सुरुवात कोपऱ्यापासून होते, हे ठोकळ्यांच्या घरावर मुलांनी आधीच पाहिलेले असते.

चौक, चाळ आणि उंच इमारत

वाड्याचा चौक समजावण्यासाठी खोक्याच्या झाकणाला मधोमध चौकोनी भोक पाडून आत उदबत्ती ठेवावी आणि बाजूला खिडकी कापावी. धूर कुठून निघतो ते पाहिले की चौकातून हवा कशी खेळते याचा अंदाज येतो. हे काम मोठ्यांच्या देखरेखीखालीच करावे. वाड्याचे मोजमाप खणांत होते, दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. लाकडाची तुळई जेवढी लांब मिळेल तेवढाच खण रुंद, ही मर्यादा मुलांच्या ध्यानात आणून द्यावी.

चाळीसाठी गच्चीवर किंवा मैदानात खडूने १० फूट बाय १६ फुटांचा आयत आखावा. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या आणि एकेक खोली १६० चौरस फुटांची. आखलेल्या आयतात पाच मुलांनी झोपून दाखवावे, मग त्यातच चूल, मोरी आणि अभ्यासाची जागा बसवावी. जागा संपली की मुले आपोआप रेघेबाहेर सरकतात, आणि ती सरकतात तिथे खडूने एक लांब पट्टा ओढून द्यावा : ही गॅलरी. गणपतीची तयारी, भाजी निवडणे, भांडणे आणि क्रिकेट सगळे त्याच पट्ट्यावर चालत असे, हे सांगण्यासाठी चाळीत वाढलेला एखादा काका किंवा मावशी बोलवावी. आपण बोलण्यापेक्षा ते बरे.

उंच इमारतींत वास्तुकला नसते असा मोठ्यांचाही समज असतो. मुंबईत कंबाला हिलवर वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी योजलेली २८ मजल्यांची कांचनजंगा ही इमारत १९८३ मध्ये पूर्ण झाली. मुंबईत समुद्राचा वारा आणि देखावा पश्चिमेला, पण दुपारचे तिखट ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच; जुन्या बंगल्यांनी यावर खोल्यांभोवती व्हरांडा काढला होता, तोच कोरियांनी इमारतीच्या कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या गच्च्या करून वर चढवला. मुलांना तिचे छायाचित्र दाखवून ‘यात पडवी शोधा’ एवढेच सांगावे.

कोरियांनीच नवी मुंबईत बेलापूरला सामाईक अंगणांभोवती छोटी घरे मांडली, ज्यांची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला लागत नाही, म्हणून कुटुंब वाढले की घरही वाढवता येते. पुण्यात जन्मलेले आणि २०१८ मध्ये वास्तुकलेतले प्रित्झ्कर पारितोषिक मिळालेले बाळकृष्ण दोशी यांची इंदूरची अरण्य वसाहत याच विचारावर उभी आहे. इथे मुलांना एक काम द्यावे : दोन माणसांचे घर काढा, आता बाळ झाले, आता गावाहून आजी राहायला आली, आता ताईला शिवणाचे मशीन ठेवायचे आहे, आणि एकही भिंत पाडायची नाही.

पाहायला जाताना

पुण्यात १८०७ च्या सुमारास दुसऱ्या बाजीरावासाठी बांधलेला विश्रामबाग वाडा, रत्नागिरीत लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान असलेले कौलारू घर, गोव्यात पर्वरीजवळ तोर्डा येथे वास्तुविशारद जेरार्ड दा कुन्हा यांनी उभारलेले गोव्यातील घरांचे संग्रहालय, आणि लांबचा प्रवास जमत असेल तर भोपाळचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय, जिथे देशातल्या अनेक समाजांची घरे खऱ्या आकारात उघड्यावर उभी आहेत, ही ठिकाणे मुलांसाठी चांगली. एका दिवसात एकच ठिकाण पाहावे आणि प्रत्येक मुलाला एकच काम द्यावे : एकाने खण मोजावेत, एकाने सुरूच्या आकाराचा खांब काढावा, एकाने वळचण भिंतीपासून किती पुढे आली आहे ते पावलांनी मोजावे. मार्गदर्शकाची माहिती त्यानंतर ऐकावी.

प्रतिकृती आणि पहिला पाऊस

शेवटच्या दोन रविवारी मुलांनी प्रत्येकी एक घर बांधायचे. थर्मोकोल पूर्ण वर्ज्य समजावा. तो कसाही कापला तरी उभा राहतो, त्यामुळे बांधणाऱ्याला साहित्याकडून काहीच शिकायला मिळत नाही. शिवाय महाराष्ट्रात २०१८ पासून त्यावर निर्बंध आहेतच. आधी विटांच्या तुकड्यांचे किंवा चपट्या दगडांचे जोते, मग खराट्याच्या काड्या सुतळीने विणून केलेला कूड, त्यावर माती, शेण मिळाल्यास शेण आणि बारीक पेंढ्याचे लिंपण, आणि ते पुरते वाळल्यावर छप्पर. घर बांधण्याआधी मुलाने एका कागदावर तीन ओळी लिहाव्यात : हे घर कुठल्या गावात आहे, तिथे पाऊस-ऊन किती, आणि घरात कोण राहते. छप्पर या तीन ओळींशी जुळत नसेल तर आपण दुरुस्ती सुचवू नये.

वाळलेली घरे जूनपर्यंत कोरड्या जागी ठेवावीत. पहिल्या मोठ्या पावसाच्या दिवशी ती सगळी गच्चीवर किंवा अंगणात ओळीने मांडावीत, शेजारी एक घर मुद्दाम वळचण न काढलेले, काऊचे म्हणून ठेवावे, आणि मुलांना दारात वही-पेन्सिल घेऊन बसवावे. कोणती भिंत आधी ढासळली, पाणी कुठून शिरले आणि किती मिनिटांनी, एवढेच त्यांनी लिहायचे.